मिशीखालचा दात

मी एका बाईला सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावलं, तिचा एक दात पाहिला, आणि तिच्या मुलाच्या दुखण्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. तिचा नवरा तिथेच दाराशी उभा होता. त्याला मी तोंड उघडायला सांगितलं नाही.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक ही. दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी माझ्याकडे ‘दातांच्या अभ्यासातले गमतीदार अनुभव’ मागितले होते. गमतीचेही सांगतो, पण हे आधी लिहिलं नाही तर बाकीचं लिहायला हात धजणार नाही.

मी दातांचा डॉक्टर आहे, पण दात काढत नाही आणि भरतही नाही. हे ऐकून लोक फार निराश होतात. चंदीगडला आमच्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण झालं की कुणी ना कुणी गाल ओढून मला दाढ दाखवतंच. मी ती बघतो, गंभीर चेहरा करतो आणि म्हणतो, “एखाद्या चांगल्या डेंटिस्टला दाखवा.” यावर माझी बायको मंजिरी दरवर्षी तोच विनोद करते, “ह्यांना दात कसा आला तेवढं कळतं, कसा गेला ते कळत नाही.”

तेच खरं आहे. नागपूरला दंतवैद्यकी शिकलो, संशोधनासाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. दात येतात कसे, आणि एखाद्याला येतच नाहीत ते का, हा माझा अभ्यास. आठवड्यातले बहुतेक दिवस प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या आणि अंडी उबवायची पेटी यांच्या संगतीत जातात. एक दिवस रुग्णालयात बसतो. तिथे दात न आलेली मुलं येतात.

मासे आणि कोंबड्या कशाला, असं पुष्कळजण विचारतात. सांगतो. आमच्या टाकीतल्या पट्टेरी माशाच्या जबड्यावर एकही दात नसतो. त्याचे दात घशात असतात. आपल्या कोकणात मुशी मिळते, लहान शार्कच ती. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर कातडी कानशीसारखी लागते. ती खरखर म्हणजे सूक्ष्म दातच आहेत. आत तसाच गर, वर तसंच कठीण आवरण. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये दात आधी अंगावर आले आणि मग तोंडात शिरले, की आधी आतच उगवले, यावर आमच्यात अजून भांडणं चालतात. मीही एका बाजूने भांडतो. पण एक गोष्ट पक्की आहे. मुशीचा दात असो, माशाचा खवला असो, कोंबडीचं पीस, आपला केस, घामाची ग्रंथी, नाहीतर तुमचीआमची दाढ असो, सुरुवात सारखीच होते. वरचा थर थोडा जाड होतो, खालचा थर त्याच्याखाली गोळा होतो, आणि दोघांत निरोपांची देवाणघेवाण सुरू होते. ‘मी खाली वळतोय, तू ये.’ ‘आलो, आता तू थांब.’ हे निरोप जनुकांमधून निघतात. ते ठीक पोचले तर दात होतो. मध्येच एखादा निरोप हरवला तर कळी तिथेच विरून जाते.

कोंबडीच्या पूर्वजांना दात होते. ते कोट्यवधी वर्षांपूर्वी गेले; पण गर्भातल्या पिल्लाच्या जबड्यात सुरुवातीचे काही निरोप अजून निघतात. उत्तर येत नाही म्हणून ते विरतात. हे मी आम्हाला अंडी पुरवणाऱ्या सरदारजींना एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून अंड्यांचे ट्रे उतरवताना त्यांचा एकच प्रश्न असतो, “हां जी डॉक्टरसाब, मुर्गी के दांत आए?”

“अभी नहीं जी.”

“आ जाएं तो पहले मुझे बताना. दाना मैं डालता हूं, काटेंगी भी मुझे ही.”

रुग्णालयातही गमती होत. एकदा हवाई दलातला लातूरकडचा एक तरुण कॉर्पोरल बहिणीचं बाळ घेऊन आला. बाळाला वरचे दात आधी आले होते, आणि वरचे आधी आले की मामाला वाईट असतं म्हणे. मामा हाच. घाबरून गेला होता बिचारा.

“सर, खालचे जरा लवकर आणता येतील का?”

मी म्हणालो, “अहो, वरचे आधी आलेली पुष्कळ मुलं मी बघितलीत. त्यांचे मामा ठणठणीत आहेत.”

“मग तसं लेखी द्याल का? आईला दाखवायचंय.”

मी चिठ्ठीवर खरंच लिहून दिलं, ‘बाळाचे दात उत्तम. मामा सुखरूप.’ तो सलाम ठोकून गेला. मी कितीतरी दिवस हा किस्सा रंगवून सांगत होतो. डॉक्टरच्या तोंडून निघालेलं वाक्य घरी नेलं जातं, तिथे ते दाखवलं जातं आणि त्यावर घरातलं कुणीतरी तरतं किंवा बुडतं, एवढं मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. मी नुसता हसलो.

त्याच उन्हाळ्यात जगदाळे कुटुंब आलं. दत्तात्रय जगदाळे लष्करात नायब सुभेदार होते, शहराजवळच्या छावणीत नेमणुकीवर. गाव सातारा जिल्ह्यात, खटावकडे. त्यांची पत्नी रूपाली, आठ वर्षांचा मुलगा ओंकार, आणि गावाहून नातवाला भेटायला आलेली दत्तात्रयांची आई. मराठी डॉक्टर आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती माणसं माझ्याकडे आली होती. आल्या आल्या आजी म्हणाल्या, “आपल्या मानसापाशी बोलाया बरं वाटतं बघा. हितं समदं हिंदी, माझं त्वांड दुखतं.”

ओंकारच्या दुधाच्या दातांबद्दल तक्रार नव्हती. ते बऱ्यापैकी आले होते. आता ते पडत होते आणि त्यांच्या जागी काही येत नव्हतं. पुढे खालच्या बाजूला नुसती हिरडी होती. केस विरळ, भुरे. सगळ्या जबड्याचा एक्स-रे पाहिला, तर जिथे पक्क्या दातांच्या कळ्या दिसायला हव्यात तिथे नुसतं हाड.

“पडलेले दात काय केलेस रे?” मी त्याच्याशी दोस्ती करायला विचारलं. त्याला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

“आजी ने बोला था कौलों पर फेंको, तो नया आएगा. पर हमारे क्वार्टर की छत तो फ्लैट है, अंकल. एक दांत वापस नीचे आ गया था.” मग जरा थांबून, “इसलिए नहीं आ रहे?”

मी “नाही रे राजा” म्हणून त्याच्याशी हात मिळवला. त्याचा तळवा ओलाचिंब होता. मी हात ॲप्रनला पुसला आणि पुढच्या कामाला लागलो.

तो ओला तळवा मला अजून आठवतो. इथे थोडं समजावून सांगायला हवं. दात कमी, केस विरळ असा मुलगा समोर आला की आमच्या डोक्यात एक ठरलेला आजार येतो. त्यात दात आणि केसांबरोबर घामाच्या ग्रंथीही नीट होत नाहीत. मुलाला घाम येत नाही, उन्हात अंग तापतं. या आजाराचं जनुक अशा गुणसूत्रावर असतं, जे मुलाला फक्त आईकडून मिळतं. आईला स्वतःला फारसा त्रास नसतो. फार तर एखादा दात निमुळता असतो. म्हणजे आईच्या तोंडात खूण सापडली की आम्ही खूश. पण त्या आजारात मुलांचे दुधाचे दातसुद्धा नीट येत नाहीत. ओंकारचे आले होते. आणि त्या आजारात तळवा ओलाचिंब नसतो.

माझ्यामागे त्या दिवशी दोन विद्यार्थी उभे होते. लिहायला लाज वाटते, पण मला त्यांच्यासमोर छाप पाडायची होती.

“घाम येतो का याला?” मी रूपालीताईंना विचारलं.

“उन्हात लाल होतो सर. पण हात मात्र त्याचे...”

“बरोबर, लाल होणारच,” मी त्यांचं बोलणं तोडलं. “तुम्ही जरा तोंड उघडा बघू.”

त्या गोंधळल्या. सासूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि उघडलं. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा उजवा दात तांदळाच्या दाण्यासारखा बारीक आणि टोकदार होता. मी विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. “हे बघा. एक्स-रे नसता तरी चाललं असतं.” मग कागद घेऊन आमच्या पद्धतीने घराण्याचं चित्र काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ओंकारचा चौकोन पूर्ण काळा केला, रूपालीताईंचं वर्तुळ अर्धं काळं केलं, आणि त्यातून एक रेघ त्यांच्या माहेराकडे ओढून प्रश्नचिन्ह टाकलं. त्यांची धाकटी बहीण दीपाली लग्नाची होती. तिचंही वर्तुळ काढून प्रश्नचिन्ह. जगदाळ्यांच्या बाजूचे सगळे चौकोन आणि वर्तुळं पांढरीशुभ्र.

आजी इतका वेळ तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हंजी आमच्याकडचं न्हाय ह्ये?”

“नाही आजी, तुमच्याकडचं नाही. हे आईकडूनच येतं.”

आजींनी मोठा श्वास सोडला. रूपालीताई तोंड मिटून बसल्या होत्या. दत्तात्रय दाराशी हात मागे बांधून उभे होते. आमच्याकडे बाप नेहमी दाराशीच उभा असतो. ते पुढे आले आणि म्हणाले, “ह्याचा फोटो घेऊ का सर? घरी समजवायला बरं पडेल.”

“घ्या की,” मी म्हणालो. चित्र छान आलं होतं.

संशोधनासाठी आई, बाप आणि मुलगा, तिघांचंही रक्त घेतलं. बापाचं रक्त घ्यायला मी विसरलो नव्हतो. फक्त तोंड बघायचं विसरलो. रक्ताच्या तपासणीत, मी म्हणत होतो त्या जनुकात काहीच सापडलं नाही. इथेच थांबून विचार करायला हवा होता. पण काही बिघाड आमच्या तपासणीच्या जाळ्यातून निसटतात, हेही खरं आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीचा मी आडोसा घेतला. नमुने शीतकपाटात गेले. तपासणीत काही सापडलं नाही, हे मी जगदाळ्यांना कळवलंसुद्धा नाही. ओंकारला माझ्या एका सहकाऱ्याने काढता-घालता येणारे दात करून दिले. थोड्याच दिवसांत दत्तात्रयांची बदली राजस्थानात झाली आणि रूपालीताई मुलाला घेऊन गावी गेल्या. मी त्यांना विसरलो, असं म्हणवत नाही. अधूनमधून तो ओला तळवा आठवायचा आणि मी दुसऱ्या कामाला लागायचो.

मध्ये काही वर्षं गेली. गुरलीन नावाची एक विद्यार्थिनी जुने नमुने लावून ठेवत होती. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “सर, इस बच्चे का तो नेगेटिव है. फिर डायग्नोसिस पक्का कैसे लिखा?”

“क्लिनिकली पक्का था,” मी म्हणालो.

ती भिडस्त मुलगी. “जी सर,” म्हणाली, पण हलली नाही.

मी दातांच्या सगळ्या जनुकांची तपासणी नव्याने करायला सांगितली. खरं तर तिला गप्प करायला. बिघाड निघाला तो भलत्याच जनुकात. त्याचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून आहे. ते सांगून कुणाचं भलं होणार नाही. प्रत्येक निरोपाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागतं, फार तर एखादा दात बारीक राहतो. दोन्ही बिघडल्या तर दुधाचे दात कसेबसे येतात, पण त्यांच्या मागून पक्क्या दातांची कळी फुटत नाही. अशा मुलांचे तळवे घामाने ओले राहतात. ओंकारला एक बिघडलेली प्रत रूपालीताईंकडून आली होती आणि दुसरी दत्तात्रयांकडून. अगदी निम्मं निम्मं.

मी गुरलीनला म्हणालो, “अच्छा काम किया.” ती गेल्यावर खोलीचं दार लावून घेतलं.

गावाचा पत्ता फाइलमध्ये होता, फोन नंबर होता. मी फोन केला नाही. आधी निकाल पुन्हा तपासून घेऊ म्हटलं. तपासला. मग म्हटलं, फोनवर असल्या गोष्टी सांगू नयेत. अशी कारणं मला भराभर सुचत होती. शेवटी योगच आला. दत्तात्रय निवृत्त होऊन एका खासगी कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून चंदीगडलाच आले, सेक्टर बावीसमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि ओंकारचे जुने दात लहान पडू लागले म्हणून रूपालीताई त्याला घेऊन रुग्णालयात आल्या. ओंकार उंच झाला होता आणि गावी राहून आल्यामुळे आता खणखणीत मराठी बोलत होता.

तो आत माप द्यायला गेला, तेव्हा मी रूपालीताईंना व्हरांड्यात एका बाजूला बोलावलं. हळू आवाजात सगळं सांगितलं. तो आजार नव्हताच, हा वेगळा आहे, दोघांकडून येतो, एकट्या तुमच्याकडून नाही. माझं निदान चुकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, हलकं वाटेल त्यांना. रडतील कदाचित.

त्या म्हणाल्या, “सर, तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतात. आता मला एकटीला कोपऱ्यात घेऊन का सांगताय?”

मी हातातला रिपोर्ट चाळायला लागलो.

“तुमचं ते चित्र आहे ना, ते घराच्या ग्रुपवर गेलं. जगदाळे परिवार. तिथनं माझ्या माहेरच्या ग्रुपवर. माझा गोल अर्धा काळा. दिराच्या लग्नात मला नवरीला हळद लावू दिली नाही कुणी. तोंडावर बोललं नाही, नुसतं ताट मला वगळून पुढं सरकवलं. दीपालीचं जमलेलं लग्न मोडलं. तिकडच्यांनी सांगितलं, चित्रात तिच्यावर पण प्रश्नचिन्ह आहे. पुन्हा मूल होऊ दिलं नाही आम्ही. मला मुलगी हवी होती.”

इथे मी खोटं बोलणार नाही. दुसऱ्या मुलाला हे होण्याचा धोका या नव्या आजारातही होताच. तो मी त्यांच्यावरून उचलू शकत नव्हतो. पण दीपालीचं लग्न अडायचं काहीच कारण नव्हतं, आणि बाकीचं सगळं ओझं दोघांचं होतं, ते मी एकटीच्या पाठीवर दिलं होतं.

“आता दीपालीला परत एक स्थळ आलंय,” त्या म्हणाल्या. “आणि तेच चित्र परत फिरायला लागलंय. ती म्हणते, दात मोजून सून करणारं घर मला नकोच. तिचं ठीक आहे. पण माझ्या आईच्या घराला नाव लागलं ते लागलंच ना?”

“मी काय करू?” मी विचारलं. कसला प्रश्न होता तो!

“ते तुम्ही ठरवा. मी कशाला सांगू?” इतक्यात ओंकार बाहेर आला, आणि दोघं निघून गेली.

त्यानंतर मी काय केलं? पत्र लिहायचं ठरवलं, संस्थेच्या कागदावर. ‘पूर्वीच्या निदानात सुधारणा करण्यात येत आहे’ असं सुरू केलं. त्यात ‘मी’ हा शब्दच येत नव्हता. मंजिरी महाविद्यालयात शिकवते. दुसऱ्यांचे मसुदे वाचायची तिला सवय आहे. तिने ते वाचलं आणि विचारलं, “तुझा एखादा लेख चुकला तर दुरुस्ती कुठे छापतोस?”

“त्याच मासिकात.”

“मग? शेजाऱ्याच्या कानात सांगत नाहीस ना?”

मी म्हणालो, “सगळ्यांसमोर कबूल केलं तर माझं...” काय जाणार होतं माझं? रूपालीताईंचं काय गेलं ते मी ऐकून आलो होतो.

रविवारी दुपारी मी सेक्टर बावीसला गेलो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर गेलो, तर दत्तात्रय दारात उभे, आत या म्हणाले. दाराशी उभं राहायची सवय अजून गेली नव्हती. आजी पलंगावर बसल्या होत्या. रूपालीताईंनी पाणी आणलं. ओंकार नवे दात लावून भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता आणि आई “जपून रे” म्हणत होती.

मी चहाआधीच सुरुवात केली. “सुभेदारसाहेब, जे काम मी तेव्हा करायला हवं होतं ते आता करतो. तुम्ही जरा तोंड उघडाल का?”

त्यांनी बायकोकडे बघितलं, त्या दिवशी तिने त्यांच्याकडे बघितलं होतं तसंच. मग बोटाने दाट मिशी वर केली. डाव्या बाजूला, मोठ्या दाताच्या शेजारी, तांदळाचा दाणा.

“हा होय?” ते म्हणाले. “कबड्डीत तुटला म्हणून सांगतो मी सगळ्यांना. खरं तर तो धड आलाच नाही कधी. मिशी राखायला लागलो ते त्याच्यापायीच.”

“अगं बाई,” रूपालीताई म्हणाल्या, “लग्नाला चौदा वर्षं झाली, मला नाही माहीत!”

“तू कधी बघितलंस का मिशी उचलून?” दत्तात्रय म्हणाले, आणि ओंकार खो खो हसला.

आजी हसल्या नाहीत. पदर तोंडाशी नेत हळूच म्हणाल्या, “माजे बी दोन न्हवते. वरचे. कवळी बसवली तवा कुठं त्वांड भरलं. लग्नात समदा येळ पदर लावून बसलेली मी. कुनी बघितलं आसतं तर माघारी धाडली आसती.” मग सुनेकडे न बघता, “डाक्टर आमच्याकडचं न्हाय म्हनला, तवा मला सुटल्यावानी झालं. मी गप बसली.”

खालून फेरीवाल्याचा आवाज येत होता. मी आजींकडे बघत होतो आणि माझ्या मनात पुन्हा चौकोन-वर्तुळं तयार होत होती. एक काळं वर्तुळ तिथून, जगदाळ्यांच्या बाजूने. माझा चेहरा रूपालीताईंनी वाचला असावा.

“सर,” त्या म्हणाल्या, “आता ते आईंवर ढकलू नका. त्यांनी पुष्कळ काढलंय.”

आजींनी पदराने डोळे टिपले. मी मान हलवली. मग म्हणालो, “मला तुमच्या त्या ग्रुपवर बोलायचंय. दोन्ही ग्रुपवर. चित्र जिथे गेलं तिथे.”

ओंकारने लगेच आईचा फोन घेतला, हात पँटला पुसले आणि फोन माझ्यासमोर धरला. “बटण दाबलंय काका, बोला.”

मी घरून पाठ करून आलो होतो. मी माशांपासून सुरुवात केली. दोन थर, त्यांच्यातले निरोप, निरोपाच्या दोन प्रती, पूर्वी उपलब्ध असलेल्या तपासणीच्या मर्यादा, आणि म्हणून निदानात झालेली सुधारणा. चांगलं बोललो. वर्गात बोलतो तसंच.

बोलणं संपल्यावर आजींनी सुनेला विचारलं, “झालं का?” आणि मग माझ्याकडे वळून, “आवं डाक्टर, ह्यात माफी कुठं आली?”

दत्तात्रय म्हणाले, “आई, अगं...”

“न्हाय, मला घावली न्हाय म्हनून इचारलं.”

मलाही ती सापडत नव्हती. मी ओंकारला म्हणालो, “ते पुसून टाक. पुन्हा घे.” त्याने पुन्हा फोन धरला. त्याच्यामागे रूपालीताई उभ्या होत्या. मी फोनकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघितलं.

“मी ओंकारचा डॉक्टर. ते चित्र मी काढलं, आणि ते चुकीचं आहे. रूपालीताईंमुळे ओंकारला हे झालं असं मी सांगितलं, ते खोटं ठरलंय. असा एकेक बारीक दात पुष्कळांच्या तोंडात असतो, दोष कुणाचाच नसतो. ओंकारला हा आजार आई आणि वडील दोघांकडून सारखाच मिळाला. दीपालीच्या लग्नाला यातलं काहीही आड येत नाही. त्या दिवशी मी एकट्या रूपालीताईंना तोंड उघडायला लावलं, त्या काही सांगत होत्या ते मी मध्येच तोडलं, आणि चूक कळायला लागली तरी गप्प राहिलो. ताई, हे सगळं मी केलं. तुमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.”